जीभ विसावते कुठे?

उष्टावणाच्या दिवशी बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. मामा सोन्याच्या अंगठीने बाळाच्या ओठांना खीर लावतो, सगळे कौतुकाने वाकून बघत असतात, आणि बाळ ती खीर जिभेने सरळ बाहेर ढकलतं. आवडली नसेल, असं म्हणून कुणीतरी आणखी साखर घालायला सांगतं. पण प्रश्न गोडीचा नसतोच. पहिल्या चार-सहा महिन्यांत जिभेवर दूध सोडून दुसरं काही टेकलं, की जीभ ते आपोआप बाहेर लोटते. घास गिळायची तयारी झालेली नसताना काही घशात जाऊ नये, यासाठीची ही जन्मजात सोय आहे. उष्टावण सहाव्या महिन्यानंतर करायचं, या जुन्या रिवाजाचा आणि ही सोय मावळण्याचा काळ बराचसा जुळतो. एखाद्या बाळात ती थोडी रेंगाळते आणि मग खीर पाहुण्यांच्या कपड्यांवर येते, इतकंच.

ही प्रतिक्रिया मावळली तरी गिळण्याची तान्ही पद्धत लगेच बदलत नाही. अंगावर पिताना बाळाची जीभ वरच्या-खालच्या हिरड्यांच्या मधोमध पसरलेली असते, जबडे एकमेकांपासून दूर असतात आणि सारी भिस्त ओठ-गालांच्या स्नायूंवर असते. मूल दूध ओढून गिळतं तेव्हा ओठ कसे आवळले जातात, ते आठवा. दात नसलेल्या तोंडासाठी ही पद्धत अगदी चोख आहे. मग दाढा येतात, मूल चावू लागतं आणि गिळण्याचं तंत्र हळूहळू पालटतं. साधारण दुसऱ्या वर्षापासून हा बदल सुरू होतो. काही मुलांत तो चौथ्या वर्षी पुरा झालेला असतो, तर काहींत पहिली-दुसरीत गेल्यावरही चालू असतो.

पालटून होतं काय, हे कळायला आरसा लागत नाही. हे वाचता वाचता एक आवंढा गिळून बघा. वरच्या-खालच्या दाढा हलक्या टेकतात. जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागच्या उंचवट्यावर जातं, म्हणजे दात संपून हिरडी सुरू होते त्याच्या किंचित मागे. मग जिभेचा मधला भाग टाळूला लागतो, पाठोपाठ मागचा, आणि लाळ घशाकडे सरकते. ओठ नुसते मिटलेले असतात, त्यांना जोर लावावा लागत नाही. गाल आणि हनुवटी स्वस्थ असतात. हे दिवसातून शेकडो वेळा घडतं. मोजणाऱ्यांचे आकडे सहाशेपासून दोन हजारांपर्यंत जातात. झोपेत मात्र आपण फार कमी वेळा गिळतो.

काही मुलांत जीभ वरच्या उंचवट्याकडे न जाता पुढे येते. ती दातांच्या मागच्या बाजूवर दाबली जाते किंवा थेट दोन दंतपंक्तींच्या मध्ये शिरते. दंतवैद्य याला टंग थ्रस्ट म्हणतात. आईवडील मात्र हे शब्द घेऊन दवाखान्यात येत नाहीत. ते म्हणतात, ‘दातांत फट पडलीय’, ‘दात पुढे यायला लागलेत’ किंवा ‘हिला स नीट म्हणता येत नाही’.

घरात ओळखायचं असेल तर मूल खाताना बघावं. मागच्या दाढा मिटल्या तरी वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये उभी फट राहते, अशा रचनेला ओपन बाइट म्हणतात. असं मूल वडापाव पुढच्या दातांनी तोडत नाही. पाव तोंडाच्या कडेला नेतं आणि सुळे-दाढांनी तोडतं. शेवया त्याला चावून तोडता येत नाहीत, त्या ओढूनच घ्याव्या लागतात. पाण्याचा घोट द्या आणि हनुवटीकडे लक्ष ठेवा: गिळताना ओठ घट्ट आवळले जातात आणि हनुवटीच्या कातडीवर बारीक खळगे उठतात. दंतवैद्य याच्या पुढे एक गोष्ट करतात. मुलाच्या तोंडात घोटभर पाणी देऊन अंगठ्याने खालचा ओठ अलगद खाली धरतात आणि गिळायला सांगतात. नेहमीच्या पद्धतीने गिळणारं मूल सहज गिळतं. जीभ पुढे काढणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण ओठ सुटले की त्याच्या तोंडाचा पुढचा दरवाजा उघडा पडतो. मग पाणी हनुवटीवर ओघळतं.

बोलण्यातली खूण मराठी घरात जरा जास्त ठळक दिसू शकते. ‘स’ म्हणताना जीभ दातांत आली की ‘साखर’चं ‘थाखर’ होतं, हे कोणत्याही भाषेत होईल. पण मराठीत ‘चमचा’, ‘जास्त’, ‘झाड’ या शब्दांतले च, ज, झ दातांजवळ उच्चारले जातात, त्यामुळे तेही सैल पडतात. ‘चिमणी’तला च टाळूजवळचा असल्याने तो बऱ्याचदा बचावतो. आता, तीन-चार वर्षांचं मूल ‘सायकल’ला ‘तायकल’ म्हणत असेल तर ते वयाला धरूनच आहे, त्यात टंग थ्रस्ट शोधू नये. शिवाय उच्चार आणि गिळणं यांची जोडी पक्की नाही. जीभ पुढे काढून गिळणारी अनेक मुलं ‘स’ स्वच्छ म्हणतात.

इथपर्यंत सगळे सहमत आहेत. मतभेद सुरू होतो तो यापुढे: जीभ पुढे येते म्हणून दातांत फट पडते, की दातांत फट असते म्हणून जीभ पुढे येते?

जिभेकडे बोट दाखवणारे आधी आले. बोस्टनचे ऑर्थोडॉन्टिस्ट आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्ये असा विचार मांडला, की दात सरळ करायला तारा लागतात तसे तोंडाचे स्नायूही वळणावर आणायला हवेत, आणि त्यासाठी व्यायाम द्यायला हवेत. आजच्या मायोफंक्शनल थेरपीचं मूळ तिथे आहे. १९६० च्या सुमारास वॉल्टर स्ट्रॉब या अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टने जिभेच्या बिघडलेल्या वागणुकीवर लेखमाला लिहिली आणि खापर फोडलं ते मुख्यतः दुधाच्या बाटलीवर. बाटलीचं ते आरोपपत्र पुढे टिकलं नाही, पण जीभ वळणावर आणण्याची लाट मोठी आली. अमेरिकेत जिभेचे व्यायाम शिकवणाऱ्यांचा वेगळा व्यवसायच उभा राहिला. तो इतका फोफावला, की १९७०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या दंतवैद्यांच्या आणि वाचातज्ज्ञांच्या संयुक्त समितीला सांगावं लागलं, की या उपचाराचा उपयोग सिद्ध झालेला नाही, तो सरसकट देऊ नये, आधी संशोधन करावं. १९९०च्या सुमारास वाचातज्ज्ञांच्या संघटनेने आपली भूमिका सौम्य केली आणि योग्य रुग्णांत हे काम वाचातज्ज्ञांच्या कक्षेत येतं असं मान्य केलं. म्हणजे एकच व्यायाम एका पिढीत रामबाण होता, दुसऱ्या पिढीत संशयित झाला आणि तिसऱ्या पिढीत ‘बघून देऊ’ या यादीत जाऊन बसला. वैद्यकात असं होतच असतं. पण पालकांना दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात, याचं उत्तर बरंचसं या इतिहासात आहे.

या वादात सर्वांत उपयोगी हिशेब मांडला तो उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या विल्यम प्रॉफिट यांनी. ऑर्थोडॉन्टिक्सचं त्यांचं पाठ्यपुस्तक आजही जगभर अभ्यासाला आहे. त्यांचा हिशेब असा: गिळताना जीभ दातांना सेकंदभर टेकते. दिवसाचे हजार आवंढे धरले तरी सगळा वेळ मिळून सतरा मिनिटं भरत नाहीत. दात हलायला मात्र हलका का होईना, पण रोज कित्येक तास टिकणारा दाब लागतो. सहा तासांच्या आसपासची मुदत ते धरतात. तेव्हा गिळतानाचा धक्का कितीही जोराचा असला तरी दात हलवायला त्याची मुदत अपुरी पडते. शिवाय जीभ पुढे काढून गिळणारी मुलं पुष्कळ असतात आणि फट असणारी त्या मानाने फार थोडी. धक्क्यानेच फट पडत असती तर हे प्रमाण जुळलं असतं.

मग जीभ निर्दोष आहे का? तसंही नाही. सॅम वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक नाजूक प्रयोग प्रसिद्ध केला. दाताच्या गालाकडच्या बाजूवर सोन्याचा छोटा तुकडा असा बसवला, की तो गालात जेमतेम दोन मिलिमीटर पुढे जाईल. गालाने जोर लावला नाही, काही वेगळं केलं नाही, तो नुसता तिथे टेकून राहिला. तेवढ्या वाढीव दाबाने दात हळूहळू आत सरकला. भिंतीला दिवसभर खांदे मारले तरी ती जागची हलत नाही आणि तिच्याच फटीत रुजलेलं पिंपळाचं रोप तिला दुभंगतं, तशी ही गोष्ट आहे. म्हणून आवंढा गिळताना जीभ कुठे जाते, त्यापेक्षा ती उरलेला सगळा वेळ कुठे पडून असते हे महत्त्वाचं. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, झोपेत, ओठ विलग आणि जिभेचं टोक खालच्या दातांवर टेकलेलं असेल तर दातांना वर यायला जागाच मिळत नाही. दाब इवलासा असतो, पण तो तासन् तास चालतो.

माझं मत विचाराल तर पालकांची निम्मी काळजी इथे चुकीच्या ठिकाणी खर्च होते. मूल गिळताना जीभ दिसली की घर हादरतं. आठवड्याभराने तेच मूल तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं, उशीवर लाळेचा डाग असतो, आणि त्याकडे कुणी बघत नाही.

तोंड उघडं का राहतं? बहुतेक वेळा नाकामुळे. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला ॲडिनॉइड नावाच्या मऊ गाठी असतात. लहानपणी त्या फुगलेल्या असतील, धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर मूल तोंडाने श्वास घेऊ लागतं. तोंडातून हवा जायची तर जिभेला टाळू सोडून खाली यावं लागतं. टॉन्सिल फारच मोठे असतील तर मागे जागा नाही म्हणून जीभ पुढेही सरकते. एगिल हार्वोल्ड यांनी कॅलिफोर्नियात माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत, आणि वाचायला क्लेशकारकही. रीसस माकडांच्या नाकपुड्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद केल्या. ती माकडं तोंडाने श्वास घ्यायला शिकली आणि काही काळाने त्यांचे दात वाकडेतिकडे बसू लागले. लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की सगळ्यांचे एकसारखे बिघडले नाहीत. कुणी जबडा खाली टाकला, कुणी जीभ पुढे काढली, आणि ज्याने जशी सवय लावून घेतली तसे त्याचे दात झाले.

दुसरं मोठं कारण अंगठा. अंगठा चोखणारं मूल वरचे दात पुढे आणि खालचे आत ढकलतं, मधोमध अंगठ्याच्या आकाराची फट तयार होते, आणि गिळताना ती फट बुजवायला जीभ येते. ती आली नाही तर पाणी बाहेर सांडेल. म्हणजे इथे जीभ नुकसान करायला आलेली नसून वेळ निभावून न्यायला आलेली आहे. सहा-आठ वर्षांच्या मुलाचे पुढचे दुधाचे दात पडतात तेव्हाही असंच होतं: दात नाहीत, खिडकी उघडी आहे, तर जीभ तिथे डोकावणारच. कायमचे दात पुरते आले की बहुतेकांची जीभ मागे सरते. तोंडाच्या तळाशी बांधली गेलेली आखूड जीभ, डाउन सिंड्रोममधले शिथिल स्नायू, घराण्यातच असलेली लांबट चेहऱ्याची ठेवण ही कारणं त्या मानाने कमी आढळतात, पण तपासणाऱ्याने ती ध्यानात ठेवावीच लागतात.

तेव्हा पाच वर्षांच्या मुलात उपचाराची घाई करू नये. अंगठा मात्र सोडवावा. कायमचे पटाशीचे दात येण्यापूर्वी, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या वर्षाआधी अंगठा सुटला, तर फट बरेचदा आपली आपण भरून येते. आठव्या-नवव्या वर्षी कायमचे दात येऊनही फट तशीच असेल, उच्चार अडत असतील किंवा मूल रात्री घोरत असेल, तर दाखवावं. पहिली पायरी बऱ्याचदा दंतवैद्याची नसून कान-नाक-घसा तज्ज्ञाची असते. नाक चोंदलेलं ठेवून मुलाला ‘तोंड मिट’ म्हणून दटावणं हा अन्यायच आहे. झोपताना ओठांवर चिकटपट्टी लावायचं एक खूळ सध्या मोबाइलवर फिरतंय. नाक बंद असलेल्या मुलावर ते करणं धोक्याचं आहे.

नाक मोकळं झालं, अंगठा सुटला, तरी जीभ जुन्या जागी पडून राहू शकते, कारण वर्षानुवर्षांची बैठक असते. तिथे व्यायामाचं काम सुरू होतं. पहिला धडा एकच: टोक कुठे ठेवायचं ते ठिकाण ओळखायचं. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी टी आणि डी म्हणायला सांगतात. आपल्याकडे ती सूचना तशीच उचलली तर घोटाळा होतो. मराठी मूल टी म्हणताना ‘ट’ म्हणतं, तेव्हा जीभ त्या जागेच्या मागे वळते. ‘त’ म्हणतं, तेव्हा ती थेट दातांना लागते, आणि तेच तर टाळायचं असतं. मराठीत हे ठिकाण सापडतं ते ‘न’ आणि ‘ल’ म्हणताना. ‘लालालाला’ म्हणायला लावावं, मध्येच थांबवावं, आणि जीभ जिथे आहे तिथेच ठेव म्हणावं.

मग रबराचं छोटं कडं येतं, तारा लावलेल्यांना देतात तसलं. ते जिभेच्या टोकावर ठेवायचं, टोक त्या ठिकाणी टेकवायचं, दाढा मिटायच्या, ओठ मात्र उघडे ठेवायचे, आणि आरशात बघत आवंढा गिळायचा. ओठांची मदत काढून घेतल्यामुळे जिभेला आपलं काम स्वतः करावं लागतं. सुरुवातीला मूल मान मागे टाकतं, डोळे मोठे करतं, लाळ ओठांवरून गळते आणि हसू फुटतं. कडं घशात जाऊ शकतं, म्हणून लहान मुलाला मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय हे करू देऊ नये. पुढे हेच घोटभर पाण्याने करायचं, मग बिस्किटाच्या तुकड्याने, मग पूर्ण जेवणात. सोबतीला जीभ सगळी टाळूला चिकटवून ‘टॉक’ असा आवाज काढत सोडायची, आणि जिभेने टाळूला धरून ठेवत तोंड उघडायचं.

हे सगळं मुलं आठ-पंधरा दिवसांत शिकतात. खरी अडचण नंतर येते, कारण समोर आरसा असताना नीट गिळणारं मूल गणित सोडवताना पुन्हा जुन्या पद्धतीवर जातं. आवंढा कुणी ठरवून गिळत नाही. त्यासाठी काही थेरपिस्ट साधी युक्ती सांगतात: घरात चार-सहा ठिकाणी टिकली चिकटवायची, अभ्यासाच्या टेबलावर, टीव्हीच्या कडेला, फ्रिजच्या दारावर. टिकली दिसली की ओठ मिटलेत का आणि जीभ वर आहे का, ते बघायचं. महिनोन् महिने लागतात. मुलाला स्वतःला करायचं नसेल तर हा उपचार होत नाही, म्हणून फार लहान वयात तो सुरू करण्यात अर्थ नसतो. मुंबईत नायर रुग्णालयाचा वाचोपचार विभाग आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, तसंच मुंबई-नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं अशा ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात सल्ला मिळू शकतो.

दुसरा मार्ग तारेचा. वरच्या दोन दाढांना पट्ट्या बसवून त्यांना जोडलेली पोलादी तारेची जाळी पटाशीच्या दातांमागे उतरवतात. तिला क्रिब म्हणतात. जीभ पुढे आली की जाळीला अडते. पहिले काही दिवस वाईट जातात: बोलणं बोबडं होतं, लाळ सुटते, पालेभाजीचे धागे तारेत अडकतात. मग जीभ तिथे न जाण्याची सवय लावून घेते. क्रिब कित्येक महिने ठेवावी लागते आणि फट बुजल्यावरही लगेच काढत नाहीत. तारेला टोकदार काटे असलेले प्रकारही आहेत. ते उपयोगी पडतात, पण मूल शिक्षा समजून बसतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या हॅस्केल आणि मिंक यांनी यावर खेळकर तोड सुचवली. अंगठा चोखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तारेत एक सहा कडांचा गुळगुळीत रोलर ओवला आणि मुलाला सांगितलं, जिभेने हा फिरवत बस. अंगठ्याला जागा राहिली नाही आणि जिभेला उद्योग मिळाला. मुलाला अडवण्यापेक्षा गुंतवणं बरं, हे ज्याला कळलं तो चांगला बालदंतवैद्य, असं मला वाटतं.

मोठ्या माणसांची कथा वेगळी आहे. विशीनंतर जबड्याची हाडंच लांबट वाढलेली असतील तर व्यायामाने हाड बदलत नाही. दाढा आत दाबण्यासाठी हाडात छोटे स्क्रू किंवा थेट जबड्याची शस्त्रक्रिया हे पर्याय विचारात येतात. जीभ टाळूला दाबून धरली की जबडा रेखीव होतो, असं सांगणारे ‘म्यूइंग’चे व्हिडिओ कॉलेजच्या मुलांत चालतात. जीभ वर ठेवण्यात नुकसान काही नाही, पण वाढ पुरी झालेल्या चेहऱ्याची ठेवण त्याने बदलते असा पुरावा नाही.

तारांनी बुजवलेली फट पुन्हा उघडणं, ही ऑर्थोडॉन्टिस्टची जुनी डोकेदुखी. दोन वर्षं तारा लावून दात भेटवले, तारा काढल्या आणि वर्षभराने पुन्हा फट, असं होतं, कारण दातांची जागा बदलली तरी जिभेची बदललेली नसते. यासाठी तारा काढल्यावर घालायच्या रिटेनरमध्ये एक छोटी तरतूद करतात. टाळूवर बसणाऱ्या त्याच्या प्लास्टिकच्या पट्टीला पटाशीच्या दातांमागे, नेमक्या त्या उंचवट्यावर, एक भोक पाडतात. जिभेचं टोक रिकामं असलं की चाळा म्हणून ते भोक शोधत वर जातं आणि तिथेच राहतं. डॉक्टरांनी रिटेनर रात्री घालायला सांगितला असेल तर निदान संध्याकाळी अभ्यासाच्या वेळीही घालू द्यावा का, हे त्यांना जरूर विचारावं, कारण जागेपणी ते भोक जास्त सापडतं.